जमीनदाराशी झुंज : एका चिनी पत्त्यांच्या डावाविषयी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषयाचे नाव मागितले, तेव्हा आम्ही ‘पत्त्यांचा एक डाव’ असे कळवले. चालक सभ्य गृहस्थ. त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने बोनस, महागाई, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, पत्त्यांवर कसले व्याख्यान, असे त्यांना वाटले असेल तर त्यात वावगे काही नाही. पत्ते म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, ही आपल्याकडची शिकवण. वडील मंडळी समोर आली की कॅट सतरंजीखाली सारायचा, हा संस्कार आमच्यावरही झालेला आहे. पण कारखान्यातली जेवणाची सुट्टी, लोकलचा डबा आणि गणपतीचे जागरण यांपैकी एकाही ठिकाणी पत्ते कुटले नाहीत, असा माणूस या मांडवात शोधून सापडायचा नाही. तेव्हा आपण एकमेकांशी खोटे कशाला बोला?

आज सांगायचा आहे तो डाव आपल्या लाडीस-मेंढीकोटाच्या घराण्यातला नव्हे. त्यात हात करायचे नसतात, हातातली पाने संपवायची असतात. त्या दृष्टीने तो आपल्या झब्बूला किंवा बदामसातला जवळचा. जो आधी सुटला तो जिंकला. डाव चीनचा आहे आणि त्याचे नाव ‘दोउ दीजू’. ‘दोउ’ म्हणजे झुंजणे आणि ‘दीजू’ म्हणजे जमिनीचा मालक. जमीनदाराशी झुंज! हुबेई प्रांतात, वुहान शहराच्या बाजूला, ‘पळ लवकर’ अशा अर्थाच्या नावाचा एक जुना डाव खेळत असत. त्यातून हा निघाला असे सर्वसाधारणपणे सांगतात. पुढे तो देशभर पसरला. घरी, वसतिगृहात, आगगाडीच्या लांबच्या प्रवासात, आणि गेली वीस-पंचवीस वर्षे संगणकावर व मोबाइलवर कोट्यवधी चिनी माणसे तो खेळत आली आहेत. आम्ही तो शिकलो बंदरावरच्या एका मित्राकडून. ते जहाजावर चिनी खलाश्यांबरोबर काम करून आले होते. शिकायला एक संध्याकाळ पुरली. समजायला मात्र बराच काळ गेला, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवावे म्हणून हा खटाटोप.

खेळणारे तीन. एक जमीनदार, दोन शेतकरी. कॅट एकच, पण दोन्ही जोकर घ्यायचे. म्हणजे पाने ५४. चिनी लोक आपल्यासारखे एकाने वाटत बसत नाहीत. गठ्ठा मध्ये ठेवतात आणि प्रत्येकजण पाळीपाळीने एकेक पान उचलतो. प्रत्येकाची १७ पाने झाली की ५१ होतात आणि तीन पाने खाली उरतात. ती तशीच पालथी राहू द्यायची. गठ्ठ्यात पिसताना एक पान मुद्दाम उताणे घातलेले असते. ते ज्याच्या हाती आले त्याने बोलीला सुरुवात करायची. बोली एक, दोन किंवा तीन. नको असेल त्याने पास म्हणावे. बोलणाऱ्याने मागच्यापेक्षा चढे बोलावे. तीन म्हटले की बोली मिटली. ज्याची बोली सर्वांत चढी तो जमीनदार. खालची तीन पाने आधी सर्वांना दाखवायची आणि मग त्याने उचलायची. त्याची झाली २०, शेतकऱ्यांची प्रत्येकी १७. उतारीही त्याचीच.

आता पानांची किंमत. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा भेद येथे मुळीच मानीत नाहीत. जातिभेद नाही म्हणा! हुकूमही नाही. सर्वांत हलकी तिर्री; तिच्यावर चव्वी, पंजी, छक्की असे चढत दश्शी, मग गुलाम, राणी, राजा, एक्का. आणि एक्क्याच्या वर कोण, तर दुर्री! आपल्याकडे एखाद्याला कस्पटासमान लेखायचे तर ‘दुर्री-तिर्री’ म्हणतात. तिथे तिर्री बिचारी तळालाच राहिली, पण दुर्री एक्क्याच्या डोक्यावर जाऊन बसली. दुर्रीच्याही वर दोन जोकर. आधी काळा, त्यावर रंगीत. ज्यांना आपण विदूषक म्हणतो त्यांना चिनी खेळाडू ‘धाकटा राजा’ आणि ‘थोरला राजा’ म्हणतात.

पाने एकेक टाकता येतात तशी समूहानेही. जोडी चालते. एका किमतीची तीन पाने चालतात, आणि त्या तिकडीच्या शेपटीला एखादे सुटे पान किंवा जोडी लावून देता येते. हलकी पाने खपवण्याची ही मोठीच सोय. ओळीने येणारी पाच किंवा अधिक पाने, जशी तिर्रीपासून सत्तीपर्यंत, एकदम टाकता येतात. मात्र ओळीत दुर्री आणि जोकर घ्यायचे नाहीत, एक्क्याला थांबायचे. लागोपाठच्या तीन किंवा अधिक जोड्यांची ओळ होते. लागोपाठच्या दोन तिकड्यांची ओळ केली तर तिला ‘विमान’ म्हणतात, आणि त्या तिकड्यांबरोबर सुटी पाने किंवा जोड्या लावल्या की विमानाला पंख फुटले! चार सारख्या पानांबरोबर दोन इतर पाने काढण्याचाही एक प्रकार आहे, पण तो क्वचितच कामी येतो.

उतारी ज्या प्रकारची, पुढच्याने त्याच प्रकारचे, तितक्याच पानांचे, पण चढे काही टाकायचे. जोडीवर जोडी, पाचाच्या ओळीवर पाचाचीच ओळ. जमत नसेल किंवा जमत असूनही टाकायचे नसेल तर पास म्हणायचे. एकदा पास म्हटले म्हणून पुढच्या फेरीत बंदी नाही. दोघे लागोपाठ पास म्हणाले की ज्याचे पान वर आहे त्याची नवी उतारी, आणि ती त्याला हवी त्या प्रकारची. या नियमाला अपवाद दोनच. चार सारखी पाने म्हणजे बॉम्ब. तो कशावरही पडतो. आणि दोन्ही जोकर एकदम टाकले तर तो अग्निबाण. तो बॉम्बवरही पडतो, त्याच्यावर काही नाही. डाव संपतो तो कोणा एकाची पाने संपली की. जमीनदार आधी सुटला तर तो जिंकला. दोन शेतकऱ्यांपैकी कोणीही एक आधी सुटला तर दोघेही जिंकले, आणि दोघांना सारखेच गुण.

मंडळी, हा शेवटचा नियम जरा पुन्हा ऐका. कोणीही एक सुटला तरी दोघे जिंकले. ज्याच्या हातात बारा पाने तशीच राहिली आहेत त्यालाही तितकेच. आम्ही हा नियम प्रथम ऐकला तेव्हा आम्हाला तो सोपा वाटला. पण सारा डाव या एका नियमावर उभा आहे, आणि तो पाळणे फार कठीण आहे. ते का कठीण, हे थोडा हिशेब मांडून सांगतो.

जमीनदाराच्या हातात २० पाने. शेतकऱ्याला स्वतःची १७ दिसतात आणि खालची जी तीन सर्वांना दाखवली तीही ठाऊक असतात. म्हणजे त्यालाही २० पाने माहीत. दोघांनाही न दिसणारी पाने ३४. वरवर पाहता बरोबरी झाली. पण बरोबरी कुठली! जमीनदाराच्या दृष्टीने ती ३४ च्या ३४ पाने शत्रूची आहेत. आपल्याविरुद्ध एकूण किती बळ आहे, हे त्याला डाव सुरू होण्याआधीच पुरते ठाऊक असते. त्याच्या हातात तीन एक्के असतील तर चौथा समोर आहे, हे त्याला बोटे मोडून सांगता येते. कोणत्या शेतकऱ्याकडे काय, एवढेच काय ते त्याला शोधायचे. उलट शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या ३४ पानांत १७ शत्रूची आणि १७ मित्राची, आणि ती एकमेकांत मिसळलेली. दिसत नाही तो दोन्ही जोकरांचा अग्निबाण आपल्यावर सुटणार आहे की आपल्यासाठी, हे त्याला सांगता येत नाही. मालकाला कामगारांच्या एकूण ताकदीचा हिशेब असतो, आणि कामगाराला शेजारच्या खात्यातल्या सोबत्याचाही नसतो. संघटनेचे काम करताना आम्ही हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. पहिल्या पाळीला दुसऱ्या पाळीच्या मनात काय आहे ते कळत नाही, पण कचेरीत मात्र दोन्ही पाळ्यांची हजेरीपत्रके एकाच टेबलावर असतात.

बरे, शेतकऱ्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही. खूण करायची नाही, पाने दाखवायची नाहीत. म्हणजे सभा नाही, पत्रक नाही, दारावरचे भाषण नाही. मग त्यांनी एकी करायची कशी? पान टाकूनच बोलायचे आणि पास म्हणूनही बोलायचे. मित्राने गुलाम टाकला आणि तुमच्याकडे राणी आहे, तरी तुम्ही पास म्हणालात, तर मित्राला समजते की हा मला वाट देतो आहे. मित्र पुन्हा पुन्हा जोड्याच उतरतो आहे, तर त्याच्याकडे जोड्यांचा साठा असावा, हे तुम्ही ताडायचे आणि संधी मिळताच जोडीनेच उतरायचे. चांगले खेळणारे चिनी लोक टाकलेली पाने डोक्यात ठेवतात. पण टाकलेल्या पानांपेक्षा न टाकलेली पाने ध्यानात ठेवणारा खरा खेळाडू. टाकता आले असते पण टाकले नाही, असे कोणते पान मित्राकडे आहे?

त्यातही दोन शेतकऱ्यांचे काम एक नाही. जमीनदारानंतर लगेच ज्याची पाळी येते त्याला आपण पहिला शेतकरी म्हणू. त्याच्या पुढचा, म्हणजे जमीनदाराच्या अगदी आधी ज्याची पाळी, तो दुसरा. या दुसऱ्याला चिनी लोक ‘दाराची फळी’ म्हणतात. शब्द आम्हाला फार आवडला. जमीनदाराला आपली हलकी पाने खपवायची असतात, आणि त्याच्या तोंडावर हा बसलेला. पहिल्याने छक्की टाकली तर याने सत्ती टाकून जमीनदाराला अठ्ठी-नव्वी खपवण्याची मुभा द्यायची नाही. गुलाम नाहीतर राणी आडवी घालायची. जमीनदाराला वर जायचे तर एक्का, दुर्री खर्ची घालावी लागली पाहिजे. या कामात फळीचा स्वतःचा हात मोडतो. राणीची जोडी फोडावी लागते, छान जुळलेली ओळ तोडावी लागते, आणि शेवटी हातात निरुपयोगी हलकी पाने उरतात. त्याची तयारी ठेवूनच त्या जागेवर बसायचे असते. सुटायचे काम पहिल्याचे.

पण पहिल्यालाही द्यावे लागते. त्याची उतारी असली की लगेच पाळी दुसऱ्याची. मध्ये जमीनदार येत नाही. समजा, दुसऱ्याच्या हातात एकच पान उरले आहे आणि उतारी पहिल्याची आहे. पहिल्याकडे तिर्रीची जोडी, राजांची जोडी आणि एक सत्ती आहे. त्याला स्वतः सुटायचा मोह होतो; राजांची जोडी उतरावी, ती मान्य झाली तर पुढे पाहू! पण शहाणा शेतकरी तिर्रीची जोडी फोडतो आणि एकच तिर्री उतरतो. मित्राचे शेवटचे पान चव्वी असो की एक्का, ते तिर्रीवर पडते आणि डाव तेथेच संपतो. आणि जमीनदाराच्या हातात एकच पान उरले असेल तर फळीने एकेरी पान म्हणून उतरायचे नाही. जोडी उतरावी, तिकडी उतरावी, आणि काहीच नसेल तर हातातले सर्वांत मोठे पान उतरावे.

नवशिका यातले काहीच करीत नाही. तो आपल्या १७ पानांकडे पाहतो आणि आपणच सुटायचे अशा हट्टाने मित्राच्याच पानांवर पाने टाकीत बसतो. मित्राच्या राजावर दुर्री मारतो. एखादा तर मित्रावर बॉम्ब टाकतो. मोबाइलवरच्या खेळात बोलायची सोय नसते म्हणून काही तयार वाक्ये दिलेली असतात, त्यांतले एक आहे, ‘तुम्ही किती छान खेळता हो!’ ते शत्रूला उद्देशून फार कमी म्हणतात. अशा मित्रालाच म्हणतात. आम्ही संपाच्या काळात काही माणसे पाहिली आहेत त्यांना उद्देशून हे वाक्य फार उपयोगी पडले असते.

आता या नावामागचा इतिहास. तो पत्त्यांसारखा हलका नाही. चीनमध्ये जमीन सुधारणेचा कायदा ३० जून १९५० रोजी झाला. उत्तरेकडच्या भागात ते काम त्याआधीच सुरू होते. सरकारी आकड्याप्रमाणे ३० कोटींहून अधिक शेतकऱ्यांना सुमारे ७० कोटी मू जमीन मिळाली. आपल्या हिशेबाने ती साडेअकरा कोटी एकरांच्या आसपास भरते. पिकाचा निम्मा आणि कुठेकुठे त्याहून अधिक वाटा खंड म्हणून भरणाऱ्या कुळाला हे काय वाटले असेल, हे खोताचा आणि सावकाराचा अनुभव ज्यांच्या घराण्यांत आहे त्यांना सांगायला नको. आपल्याकडे कुळकायदा १९४८ चा, आणि कसणाऱ्याला मालक मानण्याचा दिवस १ एप्रिल १९५७. आपल्याकडे ते काम कचेऱ्यांतून आणि कोर्टांतून झाले; जेथे झाले तेथे. चीनमध्ये ते गावाच्या चव्हाट्यावर झाले. सभा भरायच्या, जमीनदाराला पुढे उभे करायचे आणि एकेका कुळाने उठून आपले दुःख बोलून दाखवायचे. विल्यम हिंटन नावाचा अमेरिकन गृहस्थ १९४८ साली शान्सी प्रांतातल्या एका खेड्यात राहिला आणि त्याने ते सारे ‘फानशेन’ या ग्रंथात लिहिले. ग्रंथ १९६६ साली निघाला. फानशेन म्हणजे कूस पालटणे. पिढ्यान् पिढ्या मान खाली घातलेली माणसे तोंड उघडतात, हे त्यात वाचताना अंगावर काटा येतो. आणि त्याच सभांत माणसे मारली जातात, हे वाचतानाही येतो. मेलेल्यांचा आकडा अनेक अभ्यासक दहा लाख आणि त्याहून अधिक सांगतात. त्यांत जुलमी होते तसे केवळ चार बिघे अधिक असलेलेही होते. आम्ही कुळांच्या बाजूचे आहोत, आजही आहोत; पण म्हणून हे गाळून पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट झाली. ‘जमीनदार’ हा शिक्का जमीन गेल्यावरही माणसावर राहिला, आणि मुलाबाळांवरही राहिला. शाळा, नोकरी, लग्न, सगळीकडे तो आड येई. तो शिक्का पुसण्याचा निर्णय चीनमध्ये जानेवारी १९७९ मध्ये झाला. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे! ज्यांनी तो जन्मतः वाहिला असे लोक आज चीनमध्ये म्हातारे आहेत आणि त्यांची नातवंडे हा डाव खेळतात. त्या डावात जमीनदारकी दहा मिनिटे टिकते. पाने पिसली की सगळे पुन्हा सारखे.

याच कुळातला एक जपानी डाव आहे, ‘दाइफुगो’, म्हणजे महाधनिक. तोही पाने संपवण्याचाच. पण त्यात जो आधी सुटेल तो महाधनिक, जो शेवटी राहील तो महादरिद्री; आणि पुढच्या डावाच्या आरंभी दरिद्र्याने आपली उत्तमातली दोन पाने धनिकाला द्यायची आणि धनिकाने त्याला नको असलेली दोन परत करायची. असा नियम करणाऱ्याला समाजाचे ज्ञान चांगले असावे! तो डाव खेळताना दरिद्री माणूस वर येतो, नाही असे नाही. पण त्याला ते किती जड जाते ते खेळूनच पाहावे. चिनी डावात तसली वंशपरंपरा नाही.

पण चिनी डावावरही आमचा एक आक्षेप आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. येथे जमीनदार कोणी जन्मतः नसतो, कोणी लादलेला नसतो. तो बोली बोलून होतो. हातात दोन दुर्ऱ्या आणि एक जोकर आला की आपणा तिघांपैकी जो तो ‘तीन’ म्हणायला आतुर. मोबाइलवरच्या खेळात तर जमीनदारकी ‘हिसकावून घेण्याचे’ वेगळे बटण असते. ज्या नावाचा जन्म जमीनदाराला खाली ओढण्यातून झाला, त्या डावात प्रत्येकाला जमीनदार व्हायचे आहे आणि हात वाईट आला तरच शेतकरी. आमचे एक सहकारी म्हणाले, ‘मग या डावातून कामगाराने शिकायचे काय? हात चांगला आला की मुकादम व्हायचे, एवढेच ना?’ आम्ही त्यांना म्हटले, की हिशेब करून पाहा. जमीनदार जिंकला तर दोघांकडून मिळून दुप्पट घेतो, पण हरला तर दोघांनाही भरतो. आणि तीन जण सारखे खेळत राहिले तर तीन डावांपैकी दोन डाव माणूस शेतकरीच असतो. म्हणजे ज्याला रात्रभर खेळून वर राहायचे आहे त्याला शेतकऱ्याची विद्याच अधिक लागते. त्यांचे समाधान झाले नाही. आमचेही पुरते झालेले नाही.

शिवाय चीनमधल्या कामगाराला आज ही विद्या वापरायची मोकळीक किती, हाही प्रश्न आहेच. १९७५ च्या आणि १९७८ च्या चिनी राज्यघटनांत संपाचे स्वातंत्र्य लिहिलेले होते; १९८२ च्या घटनेतून ते वगळले. संघटनाही तेथे कायद्याने मान्य अशी एकच. पत्त्यांच्या टेबलावर दोन शेतकरी न बोलता एकी करतात, याचे आम्हाला जितके कौतुक, तितकेच हेही सलते, की टेबलाबाहेरच्यांना बोलता येत असूनही बोलायची मुभा थोडी.

मोबाइलवर हा डाव खेळतात तेव्हा पैशांऐवजी ‘आनंदी दाणे’ अशा नावाचे खोटे नाणे वापरतात. दाणे संपले की विकत मिळतात. आणि तेथे दर डावामागे प्रत्येकाकडून टेबलाचे भाडे कापून घेतात, जमीनदाराकडून आणि शेतकऱ्यांकडूनही. जिंको कोणी, हरो कोणी, टेबलाच्या मालकाचा खंड बुडत नाही. पत्त्यांत न दिसणारा हा चौथा गडी आम्हाला कोणी दाखवला नव्हता. भाड्याची ओळ पाहिली तेव्हा तो आपोआप ओळखू आला.

या डावाकडे अलीकडे शास्त्रज्ञांचेही लक्ष गेले आहे. बुद्धिबळात आणि ‘गो’ या खेळात यंत्राने माणसाला हरवले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. तेथे दोन्ही बाजूंना सगळा पट दिसतो आणि मित्र कोणी नसतो. येथे पाने झाकलेली, आणि वर मित्राशी जुळवून घ्यायचे. टाकता येण्याजोग्या पानांचे एकूण प्रकार २७,४७२. इतके प्रकार यंत्राला कसे पेलावेत? २०२१ साली ‘डूझीरो’ नावाचा संगणकाचा कार्यक्रम तयार झाला. कोणा माणसाचे डाव न पाहता, स्वतःशीच खेळून तो काही दिवसांत शिकला, आणि अशा ३४४ कार्यक्रमांत पहिला आला. आमच्या विषयाला लागू पडते ती गोष्ट अशी, की तो करणाऱ्यांनी त्यात तीन वेगळे खेळाडू तयार केले: जमीनदार एक, जमीनदाराच्या मागचा शेतकरी एक, आणि पुढचा शेतकरी एक. दोन शेतकऱ्यांना एकच शिकवण देऊन भागले नाही. दाराच्या फळीचे शिक्षण वेगळे, सुटणाऱ्याचे वेगळे, यंत्रालासुद्धा.

आता गुणांचे तेवढे सांगून टाकतो, कारण खेळायला बसाल तर त्यावरून भांडण व्हायचे. बोली जेवढी तेवढा डावाचा भाव. डावात जितके बॉम्ब आणि अग्निबाण पडतील तितक्या वेळा भाव दुप्पट. तीनच्या बोलीत एक बॉम्ब पडला तर सहा. जमीनदार हरला तर प्रत्येक शेतकऱ्याला सहा, एकूण बारा देतो, आणि जिंकला तर प्रत्येकाकडून सहा घेतो. दोन बॉम्ब आणि एक अग्निबाण पडला तर तीनाचे चोवीस होतात. म्हणून बॉम्ब हातात आहे म्हणून टाकला, असे करू नये. आपण हरत असलो तर तो आपल्याच डोक्यावर फुटतो. शेंगदाण्यांवर खेळा. पैशांवर खेळू नका. हे आम्ही नीतीसाठी सांगत नाही, पगाराच्या दिवशी घरी काय होते ते पाहिले आहे म्हणून सांगतो.

आणि एक दुप्पट आहे, तिचे नाव या मांडवात घेताना मौज वाटते. जमीनदार सुटला आणि दोन्ही शेतकऱ्यांना एकही पान टाकता आले नाही, तर भाव दुप्पट होतो. याला चिनी खेळाडू ‘वसंत’ म्हणतात. उलट जमीनदाराने पहिली उतारी केली आणि नंतर शेवटपर्यंत त्याला एकही पान टाकू दिले नाही, तर तोही वसंत, पण शेतकऱ्यांचा. तो फार विरळा. आम्ही इतक्या डावांत तो दोनदाच पाहिला, आणि दोन्ही वेळा फळीवर बसलेल्या माणसाच्या हातात शेवटी सात-आठ पाने तशीच पडून होती.

चौथा माणूस आला तर काय करायचे, असे एका चिठ्ठीवर कोणी विचारले आहे. मग दोन कॅट घ्यावेत, चारही जोकरांसह. पाने १०८ होतात. प्रत्येकाला २५ आणि खाली आठ. जमीनदाराची ३३, आणि त्याच्यासमोर शेतकरी तीन.